राजा तोडरमल : दहा सालांचा हिशेब आणि दोरीची लबाडी

अकबर बादशहाच्या दरबाराची गोष्ट निघाली की बिरबल आणि तानसेन ही नावे पोरांनाही ठाऊक असतात. राजा तोडरमलचे नाव मात्र शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते, 'त्याने जमीन महसुलात सुधारणा केल्या' म्हणून, आणि परीक्षा झाली की विसरले जाते. खरे पाहता नवरत्नांपैकी व्यापारी माणसाचा ज्याच्याशी सर्वांत जवळचा संबंध पोचतो तो हाच गृहस्थ. आपल्या दुकानातली खातेवही उघडून पाहा. जमा, वसूल, बाकी, रक्कम, हिशेब. सरकारी कचेरीत गेले तर तहसील, पट्टा, कबुलायत, तगाई. दख्खनमध्ये यांतले बरेच शब्द बहामनी काळापासून होते हे खरे, पण ज्या दफ्तराने हे शब्द लाहोरपासून बिहारपर्यंत एकाच अर्थाने चालू केले, त्या दफ्तराचा कारभारी तोडरमल होता.

कर किती असावा यावर जगभर वाद झाले आहेत आणि होत राहतील. व्यापाऱ्याला खरे दुखते ते वेगळेच. कर किती हे आधी कळत नाही, ते दुखते. तोडरमलने हात घातला तो नेमका याच दुखण्याला.

एका दगडाला एक अशरफी

अवधमधील लाहरपूर (आजचा सीतापूर जिल्हा) हे त्याचे गाव मानले जाते. जात खत्री. हा माणूस मोगलांच्या घरात वाढलेला नव्हे. त्याची पहिली मोठी नोकरी मोगलांना हिंदुस्थानातून हाकलणाऱ्या शेरशहा सूरीकडे होती. झेलमजवळ रोहतासचा किल्ला बांधण्याचे काम शेरशहाने त्याच्यावर सोपवले. त्या मुलखातील गख्खर लोकांनी ठरवून टाकले की आमच्यापैकी कोणीही मजुरीला जाणार नाही. काम अडले. तोडरमलने शेरशहाला तसे कळवले, तर उत्तर आले की पैशाकडे पाहू नकोस, किल्ला बांध. मग त्याने जाहीर केले की जो एक दगड आणील त्याला एक अशरफी. गख्खरांची एकजूट फार दिवस टिकली नाही. लोक दगड घेऊन धावत सुटले. माणसे भरपूर झाल्यावर दर अशरफीवरून रुपयावर आणि तिथून तांब्याच्या नाण्यावर आला. अब्बास सरवानी या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. बाजारात बसणाऱ्याला यावर टीका लिहून देण्याची गरज नाही.

शेरशहाची राजवट थोडीच वर्षे टिकली. पण जमीन मोजून, पिकाचा दर ठरवून सारा घ्यायचा, ही पद्धत मुळात त्याने घातली. अकबराच्या सगळ्या सुधारणांची पायाभरणी तिथली आहे. तोडरमलने ती आतून पाहिली होती. सूरींचे राज्य गेल्यावर तो अकबराच्या नोकरीत आला आणि मुजफ्फरखान तुरबती या दिवाणाच्या हाताखाली काम करू लागला.

कागदावरची जमा

तेव्हा हिशेबाची अवस्था काय होती हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सरदारांना पगार रोख देण्याऐवजी जहागीर मिळे, म्हणजे अमुक परगण्याचा सारा तू वसूल करून घे. त्या परगण्याची जमा दफ्तरात किती लिहिली आहे यावर पगाराचा मेळ बसे. आता सरदार जास्त आणि मुलूख कमी, तेव्हा दफ्तरातल्या लोकांनी सोपा मार्ग काढला. जमेचा आकडा लेखणीने फुगवला. कागदावर परगणा दहा लाखांचा, प्रत्यक्षात येणार पाच. सरदाराला कागद मिळाला, आणि तो राहिलेला फरक काढायला रयतेच्या मागे लागला. मुजफ्फरखानाच्या काळात ही जुनी जमा रद्द करून कानुनगोंकडून गावोगावचे खरे आकडे मागवले गेले, तेव्हा कुठे जमिनीवर पाय टेकले.

दुसरी अडचण भावाची. पिकाचा सरकारी हिस्सा धान्यात ठरे आणि मग बाजारभावाने त्याचे पैसे करीत. राज्य लहान होते तोवर एकच भाव सगळीकडे लावून चालले. पण आग्र्याचा भाव आणि मुलतानचा भाव एक कसा असेल? मग ठिकठिकाणचे भाव मागवू लागले. ते आकडे बादशहाकडे मंजुरीला जात. बादशहा मोहिमेवर. हुकूम येईपर्यंत पीक निघून गेलेले, शेतकऱ्याने ते विकून टाकलेले किंवा साठवून ठेवलेले, आणि अंमलदार दारात उभा. काय द्यायचे, कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी आकडा कोण ठरवणार? जो दारात उभा आहे तो.

ज्यांनी १९९० च्या दशकात कापडाच्या गाठी घेऊन जकात नाक्यावर रात्र काढली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. एका शहराच्या नाक्यावर आमच्या बिलावरचा भाव कारकून कधी मानायचाच नाही. त्याच्या मनातला भाव वेगळा, आणि तो दर आठवड्याला बदले. एकदा पावसात ट्रक सात तास उभा राहिला, वरच्या दोन गाठी भिजल्या, आणि अखेर जो आकडा ठरला तो ना बिलातला होता ना दरपत्रकातला. मुंबई सोडून राज्यातील महापालिकांची जकात २०१३ पर्यंत उठली, मुंबईची १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर गेली. असो. सोळाव्या शतकातल्या शेतकऱ्याच्या दारात हाच नाका दर हंगामाला येऊन उभा राहत असे.

सुरत, गुजरात आणि पहिला प्रयोग

१५७२-७३ मध्ये अकबराने गुजरात घेतला. सुरतेच्या किल्ल्याला वेढा घालण्याआधी किल्ल्याच्या येण्याजाण्याच्या वाटा पाहून येण्यासाठी त्याने कोणाला पाठवले? तोडरमलला. त्याने पाहून येऊन सांगितले की किल्ला थोड्या दिवसांत पडेल, आणि तसेच झाले. गुजरात हाती येताच तिथल्या महसुलाची घडी बसवण्याचे कामही त्याच्याकडेच आले. सुरत-खंबायतचा कापूस, नीळ आणि कापडाचा व्यापार ज्या सुभ्यात चालत होता त्या सुभ्याचे आकडे त्याने सर्वांत आधी नीट लावले, हे कापडवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हा माणूस केवळ लेखणीचा नव्हता. १५७५ मध्ये तुकारोईच्या लढाईत बंगालच्या दाऊदखान कर्रानीविरुद्ध मुनीमखानाच्या फौजेचा धीर सुटत असताना तोडरमल जागा सोडून हलला नाही. १५८० च्या बंडात मुंगेरच्या किल्ल्यात बंडखोरांनी त्याला कोंडले, तिथेही तो टिकून राहिला. मोहिमा पुष्कळ आहेत, पण आपल्याला त्याच्या हिशेबाशी काम आहे.

दोरीची लबाडी

आता मोजणीचा प्रकार ऐका, कारण यात कापड मोजणाऱ्याला खरी गंमत आहे. जमीन मोजायची तर तागाची पीळ घातलेली दोरी वापरीत. दोरी ओली झाली की आखडते, उन्हात सुकली की सैल पडते. सकाळी दवात भिजलेल्या दोरीने मोजले तर तेच शेत जास्त बिघे भरते आणि शेतकऱ्यावर सारा जास्त बसतो. दुपारी कडक उन्हात मोजले तर सरकारचे नुकसान. दोरी कोणी कधी कुठे ठेवली यावर एका गावाचा सारा वर-खाली होई. मोजणीदाराला कोणी खूश केले असेल तर दोरी सुकलेली, नाही तर ओली! अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या लबाडीची नोंद केली आहे. १५७४ च्या सुमारास ही दोरी बंद करून बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडलेली जरीब आणली गेली. बांबू दवाने आखडत नाही. एवढ्याशा बदलाने मोजणीदाराच्या हातातली केवढी कमाई गेली असेल याची कल्पना करावी.

गजाचेही तेच. वेगवेगळे गज चालत, आणि कोणता लावायचा ही मोजणाऱ्याची मर्जी. कापडासाठी ४६ अंगुळांचा अकबरशाही गज निराळा होता. १५८६ मध्ये बादशहाने ४१ अंगुळांचा इलाही गज सगळीकडे लागू केला. आजच्या मापाने तो साधारण ३३ इंच. म्हणजे आपल्या वारापेक्षा थोडा तोकडा. ६० गज लांब आणि ६० गज रुंद म्हणजे एक बिघा, ३६०० चौरस गज. बिघ्याचे २० बिस्वे. आपल्याकडे वार जाऊन मीटर आला तेव्हा जुन्या दुकानदारांनी किती कुरकुर केली हे आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले. त्या काळी कापडवाल्यांनी काय केले असेल हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

करोडींचा कहर

तोडरमलचे कौतुक करताना या प्रकरणावरून डोळेझाक करणे बरोबर होणार नाही. १५७४-७५ मध्ये बादशहाने बऱ्याच जहागिरी काढून मुलूख थेट सरकारच्या, म्हणजे खालशाच्या, ताब्यात घेतला आणि त्याचे तुकडे पाडले. एकेका तुकड्याचे उत्पन्न एक कोटी टंका, म्हणजे दाम. ४० दामांचा एक रुपया, तेव्हा हे अडीच लाख रुपये झाले. प्रत्येक तुकड्यावर एक अंमलदार. कोटीच्या उत्पन्नावरून लोक त्यांना करोडी म्हणू लागले. हेतू चांगला होता. पडीक जमीन लागवडीला आणायची, मोजणी करायची, खरे उत्पन्न काढायचे.

झाले उलटेच. करोडींनी आकडा दाखवण्यासाठी रयतेला पिळले. मुल्ला बदायूनी लिहितो की पुष्कळ जमीन ओसाड पडली आणि रयतेच्या बायकामुलांची विक्री होण्यापर्यंत वेळ आली. मग तोडरमलने करोडींचा हिशेब घ्यायला सुरुवात केली, आणि तोही अशा कठोरपणे की मारहाण आणि यातनांमुळे कित्येक करोडी मेले. बदायूनी अकबराच्या धोरणांवर रागावलेला लेखक होता, त्याची भाषा तिखट आहे, तेव्हा शब्दन् शब्द धरू नये. तरी तोडरमल हिशेबाच्या बाबतीत दयामाया जाणत नव्हता हे त्याचे मित्रही नाकारीत नाहीत. रयतेचे गेलेले या मारहाणीने परत आले नाही, ते नाहीच.

पण या पाच वर्षांत एक गोष्ट सरकारच्या हाती आली. खरे आकडे. कोणत्या परगण्यात काय पिकते, किती पिकते आणि कोणत्या भावाने विकते, हे पहिल्यांदाच कागदावर आले.

दहसाला

१५८० मध्ये दहसाला बंदोबस्त लागू झाला. याचे श्रेय एकट्या तोडरमलला देण्याची पद्धत आहे, ती दुरुस्त करायला हवी. त्याच्याबरोबर ख्वाजा शाह मन्सूर शिराझी हा दिवाण होता. तो मुळात बादशहाच्या खुशबूखान्याचा, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या कोठीचा, हिशेबनीस. अत्तराच्या तोळ्यामाशाचा हिशेब ठेवणारा माणूस साम्राज्याच्या जमाखर्चापर्यंत चढला. योजना जाहीर होत असतानाच तोडरमलला बंडामुळे पूर्वेकडे जावे लागले, आणि प्रत्यक्ष आकडेमोडीचा मोठा भार शाह मन्सूरवर पडला. पुढच्याच वर्षी, १५८१ मध्ये, बादशहाचा भाऊ मिर्झा हकीम याच्याशी पत्रव्यवहार केल्याच्या संशयावरून त्याला फाशी देण्यात आली. ती पत्रे बनावट होती असे मागाहून निघाले. आज शाह मन्सूरचे नाव कोणी घेत नाही.

योजना अशी. बादशहाच्या कारकिर्दीच्या १५ व्या सालापासून २४ व्या सालापर्यंत दहा वर्षांचे आकडे घेतले. शेवटच्या पाच वर्षांचे सरकारकडे मोजून तयार होते. आधीच्या पाच वर्षांसाठी भरवशाच्या लोकांची साक्ष मानली. या दहा वर्षांची बेरीज करून तिचा दहावा हिस्सा काढला, आणि तो दरसालचा दर म्हणून ठरवला. दर रोख, दर बिघ्याला, दर पिकाला वेगळा. सारखे भाव आणि सारखी जमीन असलेल्या परगण्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचा दरतक्ता, म्हणजे दस्तूर, निराळा ठेवला. आग्र्याचा दर मुलतानला लागेनासा झाला.

उत्पन्न कसे काढीत त्याचे गव्हाचे उदाहरण 'आईन'मध्येच आहे. चांगल्या जमिनीत बिघ्याला १८ मण, मध्यम जमिनीत १२ मण, हलक्या जमिनीत ८ मण ३५ शेर. बेरीज ३८ मण ३५ शेर. तिला तिनाने भागले की सरासरी उत्पन्न सुमारे १२ मण ३८ शेर. त्याचा तिसरा हिस्सा सरकारचा, सुमारे ४ मण १३ शेर. (मण ४० शेरांचा. कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे, चार शतकांनंतरही हिशेब जुळतो.) मग त्याचे पैसे होत.

जमीनही चार प्रकारची मानली. दरसाल पिकणारी ती पोलज. दम घेण्यासाठी थोडा काळ पडीक ठेवलेली ती परौती. तीन-चार वर्षे पडून राहिलेली चाचर. पाच वर्षे किंवा जास्त पडलेली बंजर. चाचर पुन्हा नांगराखाली आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नेहमीच्या साऱ्याचे दोन-पंचमांश, दुसऱ्या वर्षी तीन-पंचमांश, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी चार-पंचमांश, आणि पाचव्या वर्षी पूर्ण सारा घ्यावा असा नियम होता. ज्याने नवीन पेढी किंवा चार यंत्रमाग टाकून धंदा उभा केला आहे त्याला ही पायरी-पायरीची सवलत किती मोलाची असते हे कळेल. बियाणे-बैलांसाठी तगाई द्यावी, पीक बुडालेले क्षेत्र वजा करावे, शेतकऱ्याला पट्टा द्यावा आणि त्याच्याकडून कबुलायत घ्यावी, असेही हुकूम होते. मोजणीच्या खर्चापोटी बिघ्याला एक दाम ठरला होता. त्याहून जास्त मागितले तर तो गुन्हा.

याला जब्ती पद्धत म्हणत, आणि ती साऱ्या राज्यात कधीच नव्हती. लाहोर, मुलतान, दिल्ली, आग्रा, अवध, अलाहाबाद, माळवा, अजमेर आणि गुजरात-बिहारचा काही भाग, इथेच ती चालली. बंगाल, सिंध, काश्मीर इथे जुन्याच रिवाजाने, पिकाची बटाई किंवा अंदाज करून, सारा घेतला जाई.

रोख साऱ्याची दुसरी बाजू

सारा रोख म्हटला की शेतकऱ्याला धान्य विकणे भाग. त्यामुळे कसब्या-कसब्यात धान्याची मंडई वाढली, दलाल आले, सराफ आले, हुंडीचा व्यवहार वाढला. कापूस, नीळ, ऊस यांचे दर ज्वारी-बाजरीहून बरेच चढे होते, पण ही पिके हातात रोख आणून देत. शहरच्या कोष्ट्याला, रंगाऱ्याला, छिप्याला माल मिळत राहिला. सारा रोखीत आला याचा फायदा सर्वांत आधी आपल्यासारख्या मधल्या माणसाला झाला, हे कबूल केलेले बरे. आणि तोटा? भाव पडल्यावर तो शेतकऱ्याच्या अंगावर. दर दहा वर्षांच्या सरासरीने बांधलेला, बाजार मात्र कोणाच्या सरासरीने चालत नाही. १५८५-८६ च्या सुमारास पीक उदंड आले, धान्य मातीमोल झाले, आणि तेच दर भरणे रयतेला अशक्य झाले. तेव्हा दिल्ली, अवध, अलाहाबाद या सुभ्यांत साऱ्यात सूट द्यावी लागली. आजच्या जीएसटीत कंपोझिशन घेणाऱ्या लहान दुकानदाराला हे गणित ओळखीचे वाटेल. आकडा आधी ठाऊक असतो, कटकट कमी होते, पण नफा झाला की नाही हे कोणी विचारीत नाही.

नाण्याचीही एक भानगड होती. झिजलेल्या नाण्यावर तिजोरीचा पोतदार बट्टा कापी आणि किती कापायचा हे तोच ठरवी. अंमलदारांना ताकीद होती की नवीनच नाणे पाहिजे असा हट्ट धरू नये. जुने नाणे आले तर वजनात जेवढी घट असेल तेवढीच धरावी. तोडरमल दिवाण असताना नाण्यांच्या घटीचे ठरीव नियम केले गेले. सराफ कट्ट्यावर ज्याने जुने चांदीचे नाणे मोडले आहे त्याला या नियमाची किंमत सांगायला नको.

फारसी दफ्तर

१५८२ मध्ये तोडरमल राज्याचा दिवाण झाला. त्यानंतरचा त्याचा एक निर्णय मला, उर्दूच्या शाळेत शिकलेल्या माणसाला, फार विचार करायला लावतो. तोपर्यंत वरचे दफ्तर फारसीत आणि खालचे हिशेब हिंदवीत चालत. त्याने सगळे हिशेब फारसीत ठेवण्याचा हुकूम काढला. काढणारा एक खत्री हिंदू, आणि त्याचा सर्वांत मोठा परिणाम झाला तो हिंदू कारकुनांवर. कायस्थ, खत्री घराण्यांतली मुले मकतबात जाऊन फारसी शिकली आणि दोन पिढ्यांत मोगल दफ्तरात त्यांचेच वर्चस्व झाले. उर्दूच्या घडणीला या हुकुमाचा हात लागला असे काही अभ्यासक मानतात. भाषा बाजारात आणि दफ्तरात वाढते, धर्माच्या कुंपणात नव्हे.

स्वतः तोडरमल कट्टर धार्मिक होता. एकदा अजमेरहून पंजाबकडे निघण्याच्या घाईत त्याच्या पूजेच्या मूर्ती हरवल्या, तर पूजेशिवाय अन्न घ्यायचे नाही म्हणून त्याने कित्येक दिवस जेवण सोडले. बादशहाला समजूत घालावी लागली. त्याच्या आश्रयाने 'तोडरानंद' हा मोठा संस्कृत ग्रंथ तयार झाला. अबुल फजलला त्याचा हा कर्मठपणा आवडत नसे. मनात आकस धरणारा, हट्टी, असेही त्याने लिहिले आहे. पण त्याच लेखणीने लिहिले की लोभ त्याला शिवला नाही. ज्याच्या हातून साम्राज्याचा सगळा पैसा गेला त्याच्याबद्दल विरोधकाने दिलेले हे प्रमाणपत्र आहे.

१५८५ मध्ये त्याच्या जोडीला मीर फतहुल्ला शिराझी आला. हा विद्वान आपल्या दख्खनमधून, विजापूरच्या आदिलशाही दरबारातून, अकबराकडे गेलेला. अमीन-उल-मुल्क हा किताब देऊन बादशहाने त्याला तोडरमलबरोबर जुन्या थकबाकीचे निवाडे करायला बसवले. मुजफ्फरखानाच्या काळापासून लोंबकळत पडलेली प्रकरणे त्यांनी निकालात काढली. इलाही सन बसवणारा तोच. फसली सनाचा उगमही अकबराच्याच काळातला. मराठवाड्यातील जुन्या घरांत निजामाच्या वेळचे खासरे असतील तर त्यांवर 'फसली' साल लिहिलेले सापडते. खरीप-रब्बीच्या हंगामाशी जुळणारे हे महसुली वर्ष शहाजहानच्या काळात दख्खनमध्ये आले आणि निजामाच्या राज्यात शेवटपर्यंत टिकले.

कडक हिशेब घेणाऱ्याला शत्रू असतातच. त्याने शिक्षा केलेल्या एका खत्रीने रात्री वाटेत गाठून त्याच्यावर वार केला, पण तो वाचला. १५८९ मध्ये बादशहा काश्मीरला गेला आणि लाहोरचा कारभार तोडरमल, राजा भगवानदास आणि कुलीजखान यांच्यावर सोडला. म्हाताऱ्या तोडरमलने अर्ज केला की आता गंगेकाठी जाऊन देह ठेवू द्यावा. परवानगी मिळाली, तो निघालाही. मागोमाग दुसरा हुकूम आला की दुबळ्यांचे काम करणे हीच मोठी इबादत आहे, परत या. मनाविरुद्ध तो लाहोरला परतला आणि थोड्याच दिवसांत, ८ नोव्हेंबर १५८९ रोजी, वारला. चार-पाच दिवसांत राजा भगवानदासही गेला. फतहुल्ला शिराझीही त्याच वर्षी काश्मीरात वारला होता.

दख्खनमध्ये

तोडरमल स्वतः कधी दख्खनचा कारभारी नव्हता. वऱ्हाड मोगलांकडे आला १५९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. निजामशाहीत मलिक अंबरने जमिनीची पाहणी करून, इजाऱ्याने सारा देण्याची पद्धत मोडून काढून स्वतःची घडी बसवली, तिचीही तुलना तोडरमलच्या कामाशी होत आली आहे. पण तोडरमलचे नाव घेऊन त्याचीच पद्धत इकडे आणणारा माणूस वेगळा. मुर्शिद कुलीखान खुरासानी. (बंगालचा नवाब मुर्शिद कुलीखान तो निराळा, गल्लत करू नये.) शहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा १६५२-५३ च्या सुमारास हा बालाघाटचा, आणि पुढे पायीनघाटचाही, दिवाण झाला.

त्याआधी मोगल दख्खनमध्ये दर नांगरामागे ठरावीक रक्कम घेण्याचा रिवाज होता. जमीन किती आणि कशी, याची चौकशी नाही. लढाया आणि दुष्काळाने गावे उठून गेली होती. मुर्शिद कुलीखानाने भरवशाचे अमीन मोजणीला पाठवले, ओसाड गावांत नवे मुकादम नेमले, बैल आणि बियाण्यांसाठी तगाई दिली. आणि एक शहाणपणा केला. तोडरमलचा तक्ता त्याने जसाच्या तसा लादला नाही. जिथे लोकांना नांगराची जुनी रीत बरी वाटली तिथे ती राहू दिली. बटाईत पावसावरच्या पिकाला अर्धा हिस्सा धरला, विहिरीच्या पाण्यावर पिकवणाऱ्याकडून तिसरा हिस्सा, आणि ऊस-द्राक्षासारख्या ज्या मालाला खर्च जास्त आणि वेळ जास्त लागतो त्याला त्याहून कमी, नवव्या हिश्शापासून चौथ्यापर्यंत. जिथे जमले तिथे बिघ्याचा रोख दर. या बंदोबस्ताला 'मुर्शिद कुलीखानाचा धारा' म्हणून लोक पुढे कित्येक वर्षे ओळखत.

खाफीखान लिहितो की मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून हा दिवाण पुष्कळदा जरीबीचे एक टोक स्वतःच्या हातात धरून शेतात उभा राही. एप्रिल १६५८ मध्ये, गादीसाठी शहजाद्यांची लढाई जुंपली तेव्हा, तो धरमतच्या रणांगणावर औरंगजेबाच्या बाजूने लढताना मारला गेला. त्याने बसवलेला धारा त्याच्या मागे दख्खनच्या दफ्तरात चालूच राहिला.